पदार्थ क्रमांक १८४६

जगातल्या एका अतिशय गाजलेल्या रेस्टॉरंटची सुरुवात मिनी गोल्फनं झाली.

१९६१ साली हान्स शिलिंग नावाच्या जर्मन डॉक्टरनं आणि त्याची बायको मार्केटा हिनं स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कातालोनियाच्या किनाऱ्यावर जमिनीचा एक तुकडा घेतला. जागेचं नाव काला मोंजोय. रोसेस गावापासून डोंगराच्या कडेनं वळणं घेत जाणारा अरुंद रस्ता, आणि शेवटी एक छोटीशी खाडी. उन्हाळ्यात येणाऱ्या पर्यटकांसाठी त्यांनी तिथं मिनी गोल्फ काढलं, मग किनाऱ्यावर खाण्यापिण्याची टपरी, आणि १९६४ मध्ये मांस-मासे भाजून देणारं साधं हॉटेल. या जोडप्याकडे फ्रेंच बुलडॉग होते, त्यांना लाडानं 'बुयी' म्हणायचे. हॉटेलाचं नाव पडलं 'एल बुयी'. (इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण एल बुली म्हणतो. कुत्र्यांची काही हरकत नसावी.)

एल बुयीबद्दल लिहायचं म्हटलं की लोक फेसाबद्दल लिहितात. भाज्यांचा फेस, द्रव नायट्रोजनचा धूर, तोंडात फुटणारं ऑलिव्ह. मीही त्यावर थोडं लिहिणार आहे, कारण ते खरंच मजेशीर आहे. पण मला जास्त कुतूहल आहे ते तिथल्या वह्यांचं. या लोकांनी आपल्या प्रत्येक पदार्थाला नंबर दिला, साल दिलं, फोटो काढून ठेवला. आपल्याकडे थालीपीठ पहिल्यांदा कुणी थापलं हे कुणाला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असावं असंही कुणाला वाटत नाही. तिकडे एका स्वयंपाकघरानं ठरवलं, की आपला इतिहास आपणच लिहायचा, आणि तो चालू असतानाच लिहायचा.

पण त्याआधी त्या माणसाची ओळख.

फेरान आद्रियाचा जन्म १९६२ चा, बार्सिलोनाला चिकटून असलेल्या ओस्पितालेत गावातला. शाळा अर्धवट सोडलेली. १९८० मध्ये त्याला मित्रांसोबत इबिझा बेटावर सुट्टीला जायचं होतं. पैसे हवेत म्हणून तो एका हॉटेलात भांडी घासायला लागला. तिथल्या शेफनं त्याच्या हातात स्वयंपाकाचं एक जाडजूड जुनं पुस्तक ठेवलं आणि पाठ करायला लावलं. पुढं सक्तीची लष्करी नोकरी आली, तीही नौदलाच्या स्वयंपाकघरात. तिथल्या एका सोबत्यानं सुचवलं, की सुट्टीत महिनाभर एल बुयीत काम करून बघ. १९८३ च्या ऑगस्टमध्ये तो पहिल्यांदा तिथं गेला, १९८४ मध्ये कायमचा दाखल झाला, आणि १९८७ मध्ये ते स्वयंपाकघर एकट्याच्या ताब्यात आलं. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

एल बुयी तोवर काही अगदीच टपरी राहिलं नव्हतं. १९७६ मध्ये झाँ-लुई नेशेल या शेफच्या काळात त्याला मिशलिनचा पहिला तारा मिळाला होता. १९८१ मध्ये जुली सोलेर व्यवस्थापक म्हणून आला, रॉक संगीताचा वेडा माणूस. आद्रियाची कीर्ती जगभर झाली, पण पाहुण्यांना सांभाळणं आणि या पोराला हवं ते करू देणं हे काम सोलेरचं. १९९० मध्ये दोघांनी मिळून रेस्टॉरंट विकतच घेतलं.

आद्रिया तोवर फ्रेंच पद्धतीचंच शिजवत होता. सगळेच तसं शिजवायचे. १९८७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कान इथं झाक माक्सिमाँ या शेफचं व्याख्यान त्यानं ऐकलं. कुणीतरी प्रश्न विचारला, सर्जनशीलता म्हणजे काय? माक्सिमाँच्या उत्तराचा आशय एवढाच, की नक्कल करायची नाही. आद्रियानं हे इतकं शब्दशः घेतलं, की पुढं तो स्वतःचीही नक्कल टाळू लागला. गेल्या वर्षीचे पदार्थ या वर्षी नाहीत, असा नियमच झाला.

हा नियम परवडला त्याचं एक अगदी रुक्ष कारण होतं: हिवाळ्यात त्या खाडीपाशी गिऱ्हाईकच फिरकायचं नाही. म्हणून ते वर्षातले पाच-सहा महिने रेस्टॉरंट बंद ठेवू लागले. हा रिकामा वेळ त्यांनी प्रयोगांना दिला. शहरात, भर रस्त्यावर असते तर भाडं, पगार आणि रोजची गर्दी यांनी त्यांना असं थांबू दिलं नसतं. २००० मध्ये त्यांनी बार्सिलोनात स्वतंत्र कार्यशाळाच थाटली. सहा महिने तिथं प्रयोग, सहा महिने मोंजोयला जेवणावळी.

आता फेस.

१९९४ मध्ये आद्रियानं केकवरच्या क्रीमसाठी वापरतात तो सायफन घेतला. जाड भिंतीची धातूची बाटली, तिच्यात नायट्रस ऑक्साइडची कुपी लावायची, खटका दाबला की मऊ क्रीम बाहेर. त्यानं क्रीमऐवजी पांढऱ्या घेवड्याचं वाटण आत घातलं. बाहेर आला घेवड्याचा फेस. चव घेवड्याची आणि अंगात वजन नाही. दूध-अंडी न घालता, जिन्नसाची चव पातळ न करता हलकेपणा आणता येतो, हा त्यातला शोध. त्याच वर्षी त्यानं भाज्यांची एक थाळी केली. नेहमीच्या उकडलेल्या भाज्यांऐवजी तिच्यात बिटाचा फेस, फ्लॉवरचं मूस, तुळशीच्या जातीतल्या बेझिलची जेली, बदामाचं सरबत गोठवून केलेलं सॉर्बे असं काय काय होतं.

१९९५ मध्ये 'चिकन करी' आली. आपल्याला यात विशेष रस असायला हवा. करीचं आइस्क्रीम, त्याभोवती चिकनचा पातळ रस. म्हणजे जे घट्ट असतं ते पातळ, जे पातळ असतं ते घट्ट, जे गरम असतं ते थंड. याला ते 'विघटन' म्हणत: पदार्थ सुटा करायचा, प्रत्येक भागाचं रूप बदलायचं, पण खाणाऱ्याच्या डोक्यात मूळ पदार्थ जागा झाला पाहिजे. त्यामुळे मूळ पदार्थ माहीत नसलेल्या माणसाला हा विनोद कळतच नाही. इथं माझी एक शंका आहे. ही करी युरोपातल्या डबाबंद करी पावडरची आठवण होती. कोल्हापूरच्या किंवा मालवणच्या माणसाला ते आइस्क्रीम खाऊन नक्की काय आठवलं असतं?

१९९८ मध्ये गरम जेली. ती अगार-अगारची, म्हणजे आपल्या घरी पुडिंगमध्ये पडतं ते चायना ग्रास. साधं जिलेटिन तोंडाच्या उबेनंच वितळतं. चायना ग्रास मात्र साधारण पस्तीस-चाळीस अंशांना गोठतं आणि एकदा गोठलं की पंच्याऐंशीच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. मधल्या पट्ट्यात जेली गरम वाढता येते. हे आपल्या आयांच्या कपाटात इतकी वर्षं पडून होतं, पण गरम जेली कुणी केली नाही. कारण कुणाला तिची गरज नव्हती.

आणि २००३ मध्ये ते प्रसिद्ध मणी. समुद्री शेवाळातून मिळणारं सोडियम अल्जिनेट फळाच्या रसात घोळायचं आणि त्याचे थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचे. थेंबाभोवती क्षणात पातळ कातडी धरते. खरबुजाच्या रसाचे असे बारीक केशरी मणी त्यांनी माशाच्या अंड्यांसारखे डबीत घालून वाढले. यात एक अडचण होती. कॅल्शियम हळूहळू आत शिरत राहतं आणि थोड्या वेळानं मणी आतूनही गोठतो. शिवाय ऑलिव्हच्या रसात मुळातच कॅल्शियम असल्यामुळे अल्जिनेट घालताच सगळाच रस आवळून येतो. म्हणून २००५ मध्ये त्यांनी क्रिया उलटी केली: कॅल्शियम रसात, अल्जिनेट पाण्यात. मग कातडी बाहेरच्या बाजूनं वाढते, आत रस पातळच राहतो. ते ऑलिव्ह तेलाच्या बरणीत भरून टेबलावर यायचे. चमच्यानं उचलायचं, तोंडात ठेवायचं, फुटलं की नुसता रस.

घरी करून बघायचं असेल तर सामान ऑनलाइन मिळतं. मी केलंय. पहिल्या पद्धतीनं कोकमाचे मणी करताना आंबटपणा आडवा येतो, कारण फार आंबट रसात अल्जिनेट नीट विरघळत नाही. चिमूटभर सोडियम सायट्रेट घातलं की काम होतं.

गंमत अशी, की यातलं जवळजवळ काहीच नवं नव्हतं. अल्जिनेटपासून नकली चेरी बनवण्याचं पेटंट ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकातलं आहे. बाजारातल्या बिया काढलेल्या ऑलिव्हच्या पोटात जी लाल मिरचीची पट्टी असते, तीही बऱ्याचदा मिरचीच्या लगद्यात अल्जिनेट घालून केलेली असते. आणि आपण कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतो, तेव्हा काय करतो? चुन्यातलं कॅल्शियम फोडीतल्या पेक्टिनला धरतं आणि फोड पाकात शिजूनही मोडत नाही. रसायन वेगळं, पण जातकुळी तीच. पेठेवाल्यानं त्याला साल आणि नंबर दिला नाही, एवढंच.

इथं वह्यांकडे येऊ.

२००२ पासून आद्रिया, त्याचा धाकटा भाऊ आल्बेर्त आणि सोलेर यांनी आपल्या कामाचे जाडजूड ग्रंथ काढायला सुरुवात केली. आधी १९९८ ते २००२, मग मागं जात १९९४ ते १९९७, मग १९८३ ते १९९३, मग पुढची वर्षं. प्रत्येक पदार्थाला क्रमांक. कुठलं तंत्र कधी आलं, कशातून आलं, पुढं कशात वापरलं, याचे तक्ते. चित्रकाराच्या समग्र कामाची सूची करतात तशी. तोवर शेफची पुस्तकं म्हणजे पाककृतींची पुस्तकं असायची, 'असं करा' सांगणारी. आपलं 'रुचिरा' घ्या. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० मध्ये आलं आणि त्यावर कित्येक घरं शिजली, पण अमुक पदार्थ मी अमुक साली शोधला असं म्हणायचा बाईंचा हेतू नव्हता. वाचणाऱ्या सुनेला करता आलं पाहिजे, हा हेतू होता. एल बुयीचे ग्रंथ 'असं झालं' सांगतात.

मला वाटतं, खरा धक्का हाच होता. फेस दहा वर्षांत शिळा झाला, लग्नाच्या बुफेपर्यंत पोचला. पण स्वयंपाकी हा लेखक आहे आणि पदार्थ ही त्याची तारखेसकट नोंदवता येणारी कृती आहे, हा दावा टिकला. २००७ मध्ये जर्मनीतल्या कासेल इथं भरणाऱ्या डोक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनानं आद्रियाला कलावंत म्हणून बोलावलं. त्यानं तिकडे काही नेलं नाही. मोंजोयचं रेस्टॉरंट हेच प्रदर्शनाचं दालन मानलं गेलं.

सगळ्यांना हे पटलं नाही. २००८ मध्ये सांती सांतामारिया या कातालान शेफनं, जो स्वतः तीन ताऱ्यांचा मानकरी होता, जाहीर हल्ला चढवला: मिथाइल सेल्युलोजसारखी द्रव्यं तुम्ही लोकांच्या ताटात घालता, हे अन्न आहे का? स्पेनभर गदारोळ झाला. बहुतेक शेफ आद्रियाच्या बाजूनं उभे राहिले. द्रव्यांच्या बाबतीत सांतामारियाचा मुद्दा कच्चा होता. मान्यताप्राप्त गोष्टी होत्या, आइस्क्रीमच्या कुठल्याही डब्यावर तशी नावं सापडतात. पण मला या भांडणात एक गोष्ट खटकते. दोन्ही बाजू ताटात काय आहे यावर तावातावानं बोलत होत्या. ते ताट कोण भरतंय, यावर फारसं कुणी बोललं नाही.

मोंजोयला एका रात्री जेमतेम पन्नास माणसं जेवायची. प्रत्येकाला तीस-चाळीस छोटे छोटे घास. त्यासाठी स्वयंपाकघरात चाळीसेक माणसं आणि बाहेर वाढायला वेगळी. म्हणजे जेवणाऱ्यांपेक्षा राबणारे जास्त. या चाळिसातले बहुतेक शिकाऊ, ज्यांना फ्रेंचमध्ये स्टाजिएर म्हणतात. जगभरातून अर्ज करून, निवड होऊन आलेले. राहायला जागा, जेवण, आणि पगार शून्य. लिसा अबेंड या पत्रकार बाईनं २००९ चा पूर्ण हंगाम त्यांच्यासोबत काढून 'द सॉर्सरर्स अप्रेंटिसेस' हे पुस्तक लिहिलं. ते वाचल्यावर फेसाचा हलकेपणा वेगळा दिसतो. कोवळ्या पाइन नटचं एकेक बी सोलणं, गुलाबाच्या पाकळ्या एकावर एक रचत बसणं, हेच तासन् तास. बोलायचं नाही. बऱ्याच जणांना आपण सोललेली गोष्ट शेवटी ताटात कशी दिसते, चवीला कशी लागते, हेही कळायचं नाही.

मी हॉटेल मॅनेजमेंट केलं आहे. ट्रेनिंगचे वीसेक आठवडे मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात काढले. नाव सांगत नाही. महिन्याला हातात पडायचं त्यात लोकलचा पास आणि वडापाव निघायचा. मी तिथं बटाटे तासले. सात बाजूंचे, लांबट, सगळे एकसारखे. रात्री बँक्वेटला तेच बटाटे शेफच्या नावाच्या मेन्यूवर जायचे. शेफ वाईट नव्हता. त्यानं स्वतः आधी तेच केलं होतं आणि ते सगळ्यांनी करावं असं त्याला मनापासून वाटायचं. आमच्या बॅचमधल्या ज्यांच्या घरून पैसे येत होते, ते टिकले. साताऱ्याच्या एका मुलाचे येत नव्हते. तो तिसऱ्या महिन्यात कॉल सेंटरला गेला, आणि सुरी आमच्यात सगळ्यात चांगली त्याचीच चालायची.

म्हणून एल बुयीचे ते ग्रंथ चाळताना मी पदार्थांचे नंबर बघतो आणि मला हात आठवतात. मुखपृष्ठावर तीन नावं आहेत. नोंदी ठेवायची इतकी हौस असलेल्या माणसांकडे एक तक्ता आणखी मागितला तर ते फार होत नाही: पदार्थ क्रमांक अमुक, साल तमुक, पाइन नट सोलणारे कोण कोण.

दुसरी बाजूही खरी आहे. पैसे कुणी खिशात घालत होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. एका हंगामात साधारण आठ हजार लोकांना जागा मिळायची आणि मागणी वीस लाखांपर्यंत गेल्याचं रेस्टॉरंट सांगायचं. किंमत शेवटच्या वर्षांत माणशी अडीचशे युरोंच्या घरात. चौपट लावली असती तरी लोक आले असते. त्यांनी लावली नाही. रेस्टॉरंट बरीच वर्षं तोट्यात चाललं आणि तो खड्डा पुस्तकं, व्याख्यानं, कंपन्यांना सल्ले यांतून भरला गेला. आणि शिकाऊंना काहीच मिळालं नाही असंही नाही. कोपनहेगनच्या नोमाचा रेने रेडझेपी, इटलीचा मास्सिमो बोत्तुरा, अमेरिकेत गेलेला होसे आंद्रेस, सगळे कधी ना कधी या स्वयंपाकघरातून गेलेले. कोलकात्याचा गगन आनंदही आद्रियाच्या माणसांकडे शिकून आला. २०१० मध्ये त्यानं बँकॉकला रेस्टॉरंट काढलं. त्याचा गाजलेला 'योगर्ट एक्स्प्लोजन' म्हणजे ऑलिव्हचीच उलटी पद्धत, पण आत चाटच्या चवीचं दही. दह्यात कॅल्शियम असतंच, त्यामुळे ते अल्जिनेटच्या पाण्यात सोडलं की आपसूक कातडी धरतं. करीच्या आइस्क्रीमबद्दलच्या माझ्या शंकेला हे बरं उत्तर आहे. तंत्र तिकडचं, पण विनोद ज्याला कळायला हवा त्याला कळतो.

नोमानं शिकाऊंना पैसे द्यायला सुरुवात केली २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, बाहेरून बरीच टीका झाल्यावर. पुढच्याच जानेवारीत रेडझेपीनं जाहीर केलं, की या प्रकारचं रेस्टॉरंट चालवणं आता आर्थिकदृष्ट्या आणि माणूस म्हणूनही झेपणारं नाही. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की हिशेब आपोआप मांडला जातो.

एल बुयीनं त्याच्या कितीतरी आधी, जगातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट हा किताब पाच वेळा घेऊन झाल्यावर, स्वतःहून दुकान बंद केलं. ३० जुलै २०११ ची रात्र शेवटची. जुने शिष्य आले होते. शेवटचा पदार्थ होता पीच मेल्बा, ऑग्युस्त एस्कोफिये या फ्रेंच शेफनं नेली मेल्बा या गायिकेसाठी केलेला, एकोणिसाव्या शतकातला. अर्थात आद्रियाच्या पद्धतीनं फिरवलेला. त्याचा क्रमांक १८४६. एस्कोफियेचं जन्मसालही १८४६. ही माणसं हिशेबाला इतकी पक्की, की शेवटचा आकडाही त्यांनी जुळवून आणला.

सोलेर २०१५ मध्ये गेला. आद्रियाचे तीन जुने सहकारी, ओरिओल कास्त्रो, एदुआर्द शात्रुक आणि मातेउ कासान्यास, यांनी बार्सिलोनात 'दिसफ्रुतार' काढलं. २०२४ मध्ये त्याच यादीत ते पहिलं आलं. दारावर एका शेफऐवजी तीन, हा बदल मला आवडला.

वह्यांखेरीज एल बुयीत नोंदीची आणखी एक पद्धत होती. ताटातल्या प्रत्येक तुकड्याचा आकार, रंग आणि जागा रोज तंतोतंत तीच यावी म्हणून ते प्लॅस्टिसिनचे, म्हणजे मुलांच्या खेळातल्या मातीचे नमुने करून ठेवत. नवा शिकाऊ आला, भाषा कळत नसली, तरी नमुना बघून भरायचा. २०१३ मध्ये लंडनच्या सॉमरसेट हाउसमधल्या प्रदर्शनात हे नमुने मांडले होते. त्यांच्या फोटोंत बारकाईनं पाहिलं तर रंगीत मातीवर बोटांचे दाब दिसतात.

जून २०२३ पासून मोंजोयची ती जागा 'एल बुयी १८४६' नावाचं संग्रहालय झाली आहे. स्वयंपाकघर आहे, वह्या आहेत, तक्ते आहेत. जेवण मिळत नाही. रोसेस गावात काहीतरी खाऊन मगच वर जावं लागतं.